फिगर्स ऑफ स्पीच आणि वंदनाची झडती

मला घाटंजीच्या ज्युनिअर कॉलेजात लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी एक शेतकरी गृहस्थ मुलीची वही हातात घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यावर उखडले.

"मॅडम, हे काय शिकवून राह्यले तुमी? माही पोरगी म्हनते, इंग्रजीत खोटं बोललं तं मार्क भेटते."

मी वही पाहिली. 'हायपरबोल' या अलंकाराची व्याख्या तिनं मराठीत उतरवली होती : आहे त्यापेक्षा कितीतरी फुगवून सांगणे. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हटलं, "दादा, हे खोटं नाही. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे फुगवलेलं आहे. बरं, तुम्ही आलात कसे?"

"कसा येईन? गाडीची वाट पाहून पाहून हाडाचा भुगा झाला, मंग आलो पायी."

"हाच हायपरबोल," मी म्हटलं.

गृहस्थांनी एकदा आपल्या धडधाकट गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "म्हंजे आमी जलमभर फुकटच बोलून राह्यलो, अन् इथं त्याचे मार्क भेटते?" आणि चहा पिऊन, हसत हसत निघून गेले. पुढे बाजारात भेटले की लांबूनच काहीतरी प्रचंड फेकायचे आणि विचारायचे, "किती मार्क, मॅडम?"

एकतीस वर्षं मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. त्यातला माझा लाडका भाग हाच, फिगर्स ऑफ स्पीच. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बारावीच्या पेपरात कवितेच्या ओळीतला अलंकार ओळखायचा असतो आणि तो तिथं का आला हे सांगायचं असतं. शिवाय एका कवितेचं रसग्रहण असतं, त्यातही अलंकारांना मार्क असतात. एक गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हटलं की सिमिली. 'सारखी' हा शब्दच काढून टाकला, पोरगं वाऱ्यासारखं नाही तर पोरगं म्हणजे वाराच, की मेटॅफर. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सनिफिकेशन. समोर नसलेल्याला किंवा ज्याला कानच नाहीत त्याला हाक मारून बोललं की अपॉस्ट्रॉफी. बोलायचं एक आणि सुचवायचं उलट, म्हणजे आयरनी. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते इंग्रज कवीच्या हवामानात राहणं.

एका वर्गात 'वॉर्म वेलकम' शिकवत होते. वॉर्म म्हणजे ऊबदार, म्हणून प्रेमळ, असं मी रंगवून सांगत होते. एप्रिलचे जादा तास, पत्र्याचं छप्पर, पंखा वीज नसल्यानं स्तब्ध. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आपल्याकडं कोनी गरम स्वागत केलं तं पाव्हना परत येनार नाही." त्या दिवशी मी तास तिथेच संपवला आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं.

असं हसतखेळत चाललं होतं म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. निकालाचा धाक सगळ्यांनाच असतो. पोरं इंग्रजीत नापास होत होती, आणि मी एक सूत्र बनवलं. ओळीत 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली लिहा. काहीच दिसलं नाही तर अलिटरेशन लिहा, म्हणजे अनुप्रास, कारण एका ओळीत कुठली तरी दोन अक्षरं सारखी सापडतातच. खाली लिहायचं स्पष्टीकरणसुद्धा ठरलेलं, एकच वाक्य. रसग्रहणाचाही मी इंग्रजीत साचा केला, त्याचा अर्थ असा : 'ही कविता अतिशय सुंदर असून कवीने ती अलंकारांनी नटवली आहे', मध्ये नाव भरायची जागा रिकामी. त्या नोट्सची झेरॉक्स तालुक्याबाहेरही पोचली. निकाल वाढला, माझा सत्कार झाला, शाल मिळाली. शाल चांगली होती, अजून वापरते.

मग एका मे महिन्याच्या तोंडावर परीक्षा मंडळाचं पत्र आलं. आमच्या केंद्रावरच्या एकोणीस परीक्षार्थींची इंग्रजीची रसग्रहणं शब्दाशब्दानं सारखी आहेत, सामूहिक कॉपीचा संशय आहे, परीक्षार्थी आणि विषयशिक्षक यांनी चौकशीला हजर राहावं. मुलांचं वर्ष जाणार होतं.

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकांवर माझी अठरा पोरं घाबरून बसली होती आणि त्यांच्या शेवटी एक साडीतली बाई, चौतीस-पस्तिशीची, मांडीवर पिशवी घट्ट धरून. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसलेली. मी तिला ओळखत नव्हते. तिनं मात्र मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "हे कसं झालं, मॅडम?"

"साहेब, ही चोरी नाही," मी म्हटलं, "ही माझी शिकवण आहे."

त्यांनी प्रत्येक पोराला कोरा कागद दिला आणि लिहायला बसवलं. दहा मिनिटांत अठरा कागद परत आले, सगळे शब्दाशब्दानं सारखे, स्वल्पविरामासकट. साहेबांनी ते ढिगासारखे रचले आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, हा वर्ग आहे की छापखाना?"

मग त्या बाईची उत्तरपत्रिका त्यांनी उघडली आणि त्यांना हसूच आवरेना. पेपरात कविता होती झाडावर. बाईंनी साच्यातल्या रिकाम्या जागेत नाव भरलं होतं नदीच्या कवितेचं, माझ्या नोट्समधल्या नमुन्यातलं, मन लावून, सुंदर अक्षरात.

"या बाईंनी कॉपी केलेली नाही," साहेब म्हणाले, "केली असती तर निदान कविता तरी बरोबर आली असती."

सगळे सुटले. पोरं जिना उतरताना उड्या मारत होती. मी मात्र त्या जिन्यावरच थांबले, कारण एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी त्यांना कविता शिकवलीच नव्हती, तिचा छाप दिला होता.

परतीच्या एस. टी.त ती बाई माझ्या शेजारी बसली. नाव वंदना. घाटंजीपासून आत सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव, तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस. पोरांना आणायचं, खिचडी करायची, झाडलोट करायची. बाकी सगळे विषय पास, इंग्रजीत पडणार हे तिला ठाऊकच होतं.

"तुमाले इंग्रजी काहून हवं आहे?" मी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्याही तोंडात 'का'च्या जागी 'काहून' बसलं होतं.

"आमच्या सेविकाबाई पुढच्या वर्षी पावसाळ्यात रिटायर होतात, मॅडम. सेविका व्हाले बारावी लागते. मी पास झाली तं मले भेटन. नाही तं बाहेरगावची येईन अन् मी तिच्या हाताखाली खिचडीच शिजवत राहीन." मग थोडं थांबून म्हणाली, "बारा वर्स झाले, सारे लेकरं मीच शिकवून राह्यली. सेविकाबाईले गुडघ्याचा तरास हाय. नाव त्याइचं, काम माहं."

तिला एकोणतीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. सहा मार्कांवर या बाईचं पुढचं सगळं आयुष्य अडकलं होतं आणि त्यातले निदान चार माझ्या झेरॉक्सनं घालवले होते. मी म्हटलं, "बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येत जा."

ती यायची. पिशवीत भाजी, वर वही. पण माझं काही चालेना. तिला सूत्रच हवं असायचं. कवितेतली ओळ वाचून दाखवली की विचारायची, "याच्यात 'लाइक' हाय का मॅडम?" नाही म्हटलं की लगेच, "मंग अलिटरेशन." मी सांगायची, अगं, आधी ओळ ऐक, ती काय म्हणते बघ. ती मान हलवायची आणि वहीत अलिटरेशन लिहायची. माझंच पेरलेलं, मीच उपटत बसले होते. जुलैच्या पुरवणी परीक्षेत एकतीस पडले. निकालाच्या दिवशी ती आली, भाजीची जुडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, माह्या डोक्यात दगडं हायेत. तुमी कायले जीव काढता?" मला तिचा राग आला, त्याहून जास्त माझा. फेब्रुवारीत एकच संधी उरली होती.

जाता जाता तिनं पोळ्याला गावात यायचं आमंत्रण दिलं. मी गेले, मुख्यतः तिची समजूत काढायला.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे करतात आणि मग पुरुष मंडळी एकेक करून पुढे येऊन झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या, टोमणे मारणाऱ्या ओळी. सरपंचापासून सरकारपर्यंत, व्यापाऱ्यापासून व्याह्यापर्यंत कोणाचीही टोपी उडवायची, आणि त्या दिवशी कोणी रागवायचं नाही. शेवटी 'हर बोला' म्हटलं की सगळं गाव 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकतं. बायका मारुतीच्या पाराजवळ उभ्या राहून ऐकतात. म्हणत नाहीत.

मीही तिथेच उभी होते. दोन-तीन झडत्या झाल्या, बऱ्या होत्या. मग वंदनाचा नवरा गजानन पुढे आला. बैलजोडीचा कासरा खांद्यावर, आवाज खणखणीत.

"आभाळ आलं मिशीले पीळ देऊन,
गेलं आमच्या दारी चहा पिऊन.
ढगा रे ढगा, तू पाव्हना का पुढारी,
हात हालवून जाते दारोदारी!
रस्त्याच्या खड्ड्यात म्हैस गेली बुडून,
निंघाली थेट घाटंजीच्या बाजारातून!
हर बोला..."

'हर हर महादेव'नं पार हादरला. सरपंच स्वतः पोट धरून हसत होते. आणि माझी, काय सांगू, जुनी खोड, डोक्यात लाल पेन सुरू झालं. मिशीला पीळ देणारं आभाळ, पर्सनिफिकेशन. ढगाला हाक, अपॉस्ट्रॉफी. ढगाच्या आडून मान पाहुण्याचा आणि चिमटा पुढाऱ्याला, आयरनी. आणि ती म्हैस! एवढा निरोगी हायपरबोल मी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिला नव्हता.

गजानन पाराजवळ आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "काय झडती केली हो! कुठून सुचतं?"

तो कान खाजवू लागला. उत्तर दिलं त्याच्या आईनं. "त्याले कायचं सुचते? त्याले सोताच्या चपला सापडत नाही. हे तं वंदना रचून देते. दरसाल तीच देते. बायानं तोरनाखाली म्हनाव नाही, म्हनून हा म्हनते."

मी वंदनाकडे पाहिलं. ती लाजून दुसरीकडे बघत होती, जणू चोरी पकडली गेली होती. मला हसावं की रडावं कळेना. ही बाई माझ्यासमोर अलंकार ओळखता येत नाहीत म्हणून दोनदा नापास झाली होती, आणि घरी बसून मुठीनं अलंकार उधळत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी माझ्या नोट्सचा गठ्ठा तिच्यासमोर माळ्यावर टाकला. म्हटलं, "आज इंग्रजी नाही. तू ढगाशी का बोललीस ते सांग."

"काहून म्हंजे? सरपंच समोर होता ना! त्याले सिद्दं म्हटलं असतं, रस्ता काहून करत नाही, तं भांडन झालं असतं. ढगाले म्हटलं तं तोही हासते, अन् घरी गेल्यावर लागते त्याले."

"आणि म्हैस?"

"खड्डा लय मोठा हाय, असं म्हटलं तं कोन ऐकते? सारे तेच म्हनतात. म्हैस बुडवा लागते तवा ध्यानात येते."

अलंकार तिथं का आला, या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर एकतीस वर्षांत मला कोणी दिलं नव्हतं, आणि खरं तर मीही कोणाला दिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "इंग्रज कवीनंही हेच केलंय. त्यालाही कोणाला तरी सरळ सांगता येत नव्हतं. तो काय लपवतोय, कोणाला चिमटा काढतोय, तेवढं शोध."

तिथून आमची गाडी जी सुटली! ती इंग्रजी ओळ आता झडतीसारखी मोठ्यानं म्हणायची, मान डोलवायची आणि मग कवीची उलटतपासणी घ्यायची. एका कवीनं पक्ष्याला उद्देशून बरंच काही लिहिलं होतं. वंदना म्हणाली, "याले घरी कोनी इचारत नसन, मॅडम. ज्याचं घरचे ऐकतात तो कायले पाखराशी बोलीन?" दुसऱ्या एका कवितेत एकच शब्द चार वेळा आला होता. मी विचारलं, का? म्हणाली, "लेकरू पदर ओढते तवा एकदाच ओढते काय?" मी हसून हसून बेजार व्हायची. व्याकरण अडायचं, स्पेलिंगं लंगडायची, त्यावर आम्ही घाम गाळला. पण वहीतलं अलिटरेशन हळूहळू आटलं. तिच्या वाक्यांत आता तीच दिसू लागली.

त्या वर्षी मी माझ्या नेहमीच्या वर्गालाही साचा दिला नाही. प्रत्येकाला आपापल्या घरचं बोलणं लिहून आणायला लावलं. कोलामी बोलणारी, बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी, वऱ्हाडी बोलणारी सगळी पोरं आपापल्या आज्यांचे टोमणे घेऊन आली. वर्गात असा दंगा कधी झाला नव्हता. प्राचार्य दारात येऊन उभे राहिले, ऐकलं आणि स्वतःच्या आजीचा एक टोमणा सांगून गेले.

फेब्रुवारीत पेपर झाला. स्वतःच्या विषयाच्या पेपरला आम्हाला पर्यवेक्षक नेमत नाहीत. मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होते. वंदना बाहेर आली, हाताला शाई, चेहरा लाल.

"मॅडम, रागवू नका. रसग्रहनात तुमचं पाठ केलेलं एकबी वाक्य लिहलं नाही. माह्याच मनचं लिहलं. कवी कोनावर रुसला हाय अन् काहून, तेच लिहलं. मोडकंतोडकं."

वरवर मी शाबास म्हटलं. आतून मी हादरले होते. तपासणाऱ्याच्या हातात शेकडो पेपर असतात. त्याला ओळखीचं वाक्य दिसलं की मार्क पडतात, हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण मीही तशीच तपासत आले होते. त्या साच्यात निदान ठरलेले दोन मार्क होते. तिचं काही चुकलं तर पुन्हा माझ्यामुळेच. पुढचे तीन महिने मला कसे गेले ते माझ्या घरच्यांना विचारा.

निकाल मोबाइलवर लागला तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात उभी होती. सीट नंबर मी टाकला. इंग्रजी, अठ्ठेचाळीस. मी तो आकडा तीनदा वाचला. वंदनानं एकदाच वाचला आणि खाली फरशीवर बसली, पदर तोंडाला लावून खूप वेळ हसत आणि रडत राहिली. मीही तिच्याशेजारी बसले. कोणा अनोळखी परीक्षकानं तिची मोडकीतोडकी वाक्यं थांबून वाचली होती. तो किंवा ती कुठे असेल तिथे सुखी राहो.

त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. पावसाळ्यात सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि पोळ्याच्या आठ दिवस आधी वंदनाच्या हातात सेविका म्हणून नेमणुकीचा कागद आला. पोळ्याला मी न बोलावता गेले.

तोरणाखाली गजाननची पाळी आली. सगळे सरसावून बसले. तो पुढे झाला, घसा साफ केला आणि म्हणाला, "यंदा मले झडती येत नाही. जिनं केली तीच म्हनन." आणि कासरा सावरत बाजूला झाला.

मग एक म्हातारबा कुरकुरले, "तोरनाखाली बाईमानूस?"

त्यांच्याहून म्हातारे एक आजोबा बसल्या जागेवरून गरजले, "बाईमानूस काय म्हनतं बे? सेविकाबाई हाय ते. तुह्या नातवाले 'अ आ' कोनं शिकवलं? चाल बाई, म्हन!"

वंदना पारावरून उतरली. थेट तोरणाखाली जाऊन उभी राहिली.

"मारकुटी म्हैस इंग्रजी, लाथा मारे चार,
मॅडमनं धरले शिंगं अन् म्या काढली धार.
पस्तीस मार्काचा डोंगर, दोनदा घसरली,
तिसऱ्यांदा चढली तं चपलाच इसरली!"

पार हसू लागला. बायका तोंडावरचे पदर काढून हसत होत्या. तिचा आवाज आता चढला, आणि नवऱ्याकडे बोट करून तिनं शेवटच्या दोन ओळी फेकल्या :

"झडती रचे बायको, नवरा म्हने माही,
आज नवरा उभा मुका, बोलून राह्यली बाई!
हर बोला..."

बैल बुजले, कोणाची तरी टोपी उडाली, आणि सगळ्या गावाच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं 'हर हर महादेव' ओरडला तो गजानन.